गुणांचा स्वतंत्र वारसा आणि त्याची मर्यादा

मूल आईच्या वळणावर गेले की बापाच्या, असा प्रश्न मराठीत सहज विचारला जातो. गुण एका गठ्ठ्यानेच उतरतात, ही समजूत त्या प्रश्नामागे दडलेली असते. ग्रेगोर मेंडेल याने ब्रनो येथील मठाच्या बागेत वाटाण्यावर प्रयोग करून १८६५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांनी या समजुतीस छेद दिला.

गोल व पिवळ्या दाण्यांच्या शुद्ध वाणाचा सुरकुतलेल्या व हिरव्या दाण्यांच्या वाणाशी त्याने संकर केला. पहिल्या पिढीचे सर्व दाणे गोल व पिवळे निघाले. त्यांपासून वाढविलेल्या १५ झाडांनी स्वपरागणाने ५५६ दाणे दिले : गोल पिवळे ३१५, सुरकुतलेले पिवळे १०१, गोल हिरवे १०८ आणि सुरकुतलेले हिरवे ३२. केवळ आकार पाहिला तर गोल ४२३ व सुरकुतलेले १३३; केवळ रंग पाहिला तर पिवळे ४१६ व हिरवे १४०. दोन्हीकडे प्रमाण ३:१ च्या निकटचे आहे. एक गुण दुसऱ्यावर अवलंबून नसेल, तर या दोन प्रमाणांचा गुणाकार होऊन ९:३:३:१ हे प्रमाण यावयास हवे. म्हणजे अनुक्रमे सुमारे ३१३, १०४, १०४ व ३५ दाणे. गठ्ठा अभंग राहता, तर मधले दोन गट निर्माणच झाले नसते.

याचे कारण मेंडेलला ठाऊक नव्हते. ही दोन जनुके वाटाण्याच्या निरनिराळ्या गुणसूत्रांवर आहेत. अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची प्रत्येक जोडी इतर जोड्यांची दखल न घेता विभागली जाते. वाटाण्यात अशा ७ जोड्या असल्याने केवळ या विभागणीतूनच १२८ प्रकारची युग्मके संभवतात.

तथापि ‘स्वतंत्र’ हे विशेषण जनुकांचे नसून त्यांच्या स्थानाचे आहे, हे विद्यार्थी पुष्कळदा विसरतात. बेटसन, सॉन्डर्स व पनेट यांना १९०५ च्या सुमारास ‘स्वीट पी’ या फुलझाडात निराळेच आढळले. जांभळे फूल व लांबट परागकण २८४, तांबडे फूल व गोल परागकण ५५, आणि मिश्र गट केवळ २१-२१. मिश्र गटांची अपेक्षा प्रत्येकी ७१ ची होती. येथे दोन्ही जनुके एकाच गुणसूत्रावर, परस्परांच्या निकट होती. मॉर्गनने फळमाशीच्या अभ्यासातून या सहलग्नतेचा उलगडा केला. एकाच गुणसूत्रावरील जनुकेही पुरेशी दूर असल्यास गुणसूत्रखंडांच्या अदलाबदलीमुळे स्वतंत्रच भासतात. ही अदलाबदल किती वेळा घडते, हेच अंतराचे माप मानून स्टर्टेव्हंटने १९१३ मध्ये गुणसूत्राचा पहिला नकाशा प्रसिद्ध केला.