गाडी पुरी आली पाहिजे

रणगाडा या शब्दात गाडा आहे, हे साठी उलटून गेली तरी माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. ते आणून दिले एका निवृत्त दफेदारांनी. "गाडाच आहे हा, साहेब," ते म्हणाले. "फक्त बैल आत बसत्यात. चार."

नगरला (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर, माझ्या जिभेला अजून वळण पडलेले नाही) सोलापूर रस्त्याला लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. चिलखती दलाच्या केंद्राने ते फेब्रुवारी १९९४ मध्ये सुरू केले. त्याआधी चार वर्षे मी या जिल्ह्यातल्या एका खेड्यात बँकेचा शाखाधिकारी होतो. पुढे बदल्या झाल्या, कादंबऱ्या झाल्या, निवृत्तीही झाली. पण हे संग्रहालय पाहायचे राहिले ते राहिलेच. गेल्या महिन्यात नगरला एका व्याख्यानासाठी जाणे झाले, तेव्हा दफेदारांना निरोप धाडला. वय अठ्ठ्याहत्तर, काठी नाही. सोबत कॉलेजात शिकणारा नातू.

मला पहिल्यांदा अडवले ते रोल्स रॉइसने. 'सिल्व्हर घोस्ट' या राजेशाही मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवायचे, वर मशीनगनचा फिरता घुमट बसवायचा, की झाली पहिल्या महायुद्धातली चिलखती मोटार. कादंबरीकाराला अशा वस्तूंचे भारी आकर्षण. दफेदारांना काडीचे नव्हते. "वाळवंटात ठीक आहे. आपल्या काळ्या रानात पावसाळ्यात घाला, तासाभरात रुतंल."

मग त्यांनी मला पट्ट्यांचे गणित समजावले. सेंच्युरियन रणगाडा पन्नास टनांचा. पण ते ओझे दोन लांबरुंद पट्ट्यांवर पसरलेले, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला भार पडतो किलोभर. साध्या मोटारीच्या टायरखाली तो याहून अधिक असतो. बँकेत तीस वर्षे आकडे पाहिले, पण इतका चकवणारा आकडा क्वचितच भेटला.

हे गणितही हरते, आणि ते कुठे हरले ते नगर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. उसात! सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे आपल्या सैन्याने कालव्याचे पाणी रानांत सोडले. नाल घालावी तशी मोर्चेबांधणी करून शत्रूची वाट पाहिली. पाकिस्तानचे अमेरिकन पॅटन त्या काळात अजिंक्य समजले जात. ते उभ्या उसात, चिखलात शिरले आणि अडकले. त्याच लढाईत अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेने पॅटन टिपले, आणि १० सप्टेंबरला ते कामी आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पकडलेला एक पॅटन इथे उभा आहे. पोरे त्याच्यावर चढू पाहतात आणि पहाऱ्यावरचा जवान त्यांना दटावतो.

जीप हा शब्द निघाला तेव्हा मी दफेदारांकडे पाहायचे टाळले. कारण पुढे येईल.

सेंच्युरियनपाशी ते थांबले. १९७१ साली पश्चिम आघाडीवर याच जातीच्या गाडीचे ते चालक होते. चालकाची जागा पुढे, उजव्या अंगाला, खाली. स्टिअरिंगचे चाक नाही, दोन दांडे. इंजिन 'मीटिऑर', म्हणजे स्पिटफायर विमानाच्या इंजिनाचा जमिनीवरचा भाऊ. पेट्रोल पाण्यासारखे पिणारे. झाकण बंद केले की बाहेरचे जग पेरिस्कोपच्या फटीएवढे. "आम्ही लढाई ऐकली, साहेब. बघितली न्हाई. कानात कमांडरचा आवाज. तो डावीकडं म्हणला की डावीकडं."

त्या युद्धात १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पडले. जन्म पुण्याचा, वय एकवीस. गाडी पेटली, मागे फिरण्याचा हुकूम आला; तोफ अजून चालते आहे असे वायरलेसवर सांगून ते गाडीतच राहिले. 'फॅमागुस्टा' नावाचा त्यांचा सेंच्युरियन नगरच्याच छावणीत जतन केलेला आहे. दफेदारांनी ही हकीकत नातवाला सांगितली ती शेजारच्या घरातली सांगावी तशी. स्वतःबद्दल मात्र चकार शब्द नाही.

आता जीपचे. १९८९ साली दफेदार पेन्शन घेऊन गावी आले होते. प्रवासी वाहतुकीसाठी जुनी जीप घ्यायची म्हणून ते माझ्याकडे कर्ज मागायला आले. लष्करातून सुटल्याचे पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवले. त्यात रणगाडाचालक असे लिहिलेले होते. नागरी परवाना अजून हाती नव्हता, जामीनदार एकच होता. मी अर्जावर शेरा मारला: 'प्रवासी वाहन चालविण्याचा अनुभव नाही. शिफारस करता येत नाही.' नियमाला धरून होता तो शेरा. आजही कुणी लेखापरीक्षक त्यात चूक काढू शकणार नाही. दफेदार एवढेच म्हणाले होते, "साहेब, पन्नास टनांचं चालवलंय."

त्यांनी पतसंस्थेतून चढ्या व्याजाने पैसे उचलले आणि अकरा वर्षे जीप चालवली. हे मला फार उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळले.

संग्रहालयाबाहेर चहा घेताना मी तो विषय काढला. माफी मागण्याची तयारी घरूनच करून आलो होतो. दफेदारांनी हाताने उडवून लावले. "त्याचं काय न्हाई. तुमचा कायदा होता." मग जरा थांबून म्हणाले, "पण त्या फॉर्मावरचा फोटो मिळंल का हो?"

मला आठवले. काळ्या डांगरीत, रणगाड्याला टेकून उभे असलेले दफेदार. फोटो पोस्टकार्डाएवढा होता आणि अर्जावरची चौकट पासपोर्टची. फोटोत फक्त चेहरा हवा, असे सांगून मीच शिपायाकडून कात्री मागवली होती.

"तेवढाच एक होता," दफेदार म्हणाले.

नामंजूर अर्ज किती वर्षे ठेवायचे आणि मग ते कुठे जातात, हे मला पाठ आहे. "नाही मिळणार, दफेदार," मी म्हटले.

त्यांनी मान हलवली, चहा संपवला, आणि आम्ही पुन्हा आत गेलो. सेंच्युरियनच्या पुढ्यात, उजव्या बाजूला ते ताठ उभे राहिले. नातवाने मोबाइल धरला आणि आजोबा नीट दिसावेत म्हणून दोन पावले पुढे आला.

"मागं हो, मागं हो," ते ओरडले. "मी बारका आलो तरी चालंल. गाडी पुरी आली पाहिजे."