लडाखला निघालात? आधी हे वाचा

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, आम्ही लडाखला चाललोय, काही गोळ्या लिहून द्या." पूर्वी आपल्याकडची मंडळी काशी-रामेश्वर, फार तर बद्री-केदार करीत. आता तालुक्याच्या गावातूनही गट करून लोक लेहला जातात. आनंदाची गोष्ट आहे. पण स्वेटर, कानटोपी आणि चिवडा-लाडवांची जेवढी तयारी होते, तेवढी शरीराची होत नाही. म्हणून आजचा हा विषय.

उंचीवर नेमके काय होते?

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फूट उंचीवर आहे. आपले कळसूबाई शिखर साधारण ५४०० फूट. म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराच्या दुपटीहून अधिक उंचीवर तुमचा मुक्काम पडणार. तिथल्या हवेतही प्राणवायू सुमारे २१ टक्केच असतो, परंतु हवेचा दाब कमी असल्याने हवा विरळ होते. लेहला एका श्वासात आपल्याकडच्या साधारण दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो, तर खारदुंग ला या साडेसतरा हजार फुटांवरच्या खिंडीत जेमतेम निम्मा.

शरीर याच्याशी जुळवून घेते. श्वास वाढतो, नाडी जलद होते, लघवीचे प्रमाण वाढते. पण त्याला दोन-तीन दिवस लागतात आणि विमान मात्र दिल्लीहून सव्वा तासात लेहला उतरवते. सगळी अडचण आहे ती या हिशोबात.

डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना जाणे, गळून गेल्यासारखे वाटणे, चक्कर आणि झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची लक्षणे. ती बहुधा पोहोचल्यावर सहा ते बारा तासांनी सुरू होतात. त्यामुळे "विमानातून उतरलो, मला काहीच झाले नाही" यावर विसंबून लगेच बाजारात फिरायला निघू नये.

तरुण आणि धट्टेकट्टे यांनी तर अधिकच सांभाळावे. रोज पाच मैल चालणाऱ्यालाही हा आजार होतो. १९६२ च्या युद्धकाळात आपल्या जवानांना सपाटीवरून एकदम उंचीवर जावे लागले. उंचीवर नेलेल्या १९२५ जवानांमधील या आजाराचा अभ्यास डॉ. इंदर सिंग व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध केला. कसलेल्या जवानांना जे चुकले नाही, ते आपल्याला कसे चुकेल?

जाण्यापूर्वी कोणी तपासून घ्यावे?

रक्तदाब, हृदयविकार, दमा, फुफ्फुसाचा जुना आजार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांना भेटावे. आदल्या दिवशी येऊन उपयोग नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल किंवा अँजिओप्लास्टी झाली असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय जाऊ नये. गरोदर स्त्रियांनी ही सहल पुढे ढकलावी. चालू गोळ्या बंद करू नयेत आणि आठवडाभर पुरतील इतक्या जास्तीच्या जवळ ठेवाव्यात, कारण दरड कोसळून रस्ता बंद पडणे तिथे नवे नाही. इन्सुलिन गोठले की निकामी होते. ते रात्री अंगाजवळ, पांघरुणात ठेवावे.

विदर्भ आणि नंदुरबार भागातल्या वाचकांसाठी एक खास सूचना. सिकलसेलचा आजार असणाऱ्यांनी इतक्या उंचीवर जाऊच नये. ज्यांना एरवी काहीच त्रास होत नाही अशा सिकलसेलच्या वाहकांनाही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून पोटात डाव्या बाजूला तीव्र वेदना होऊ शकतात. घराण्यात हा आजार असेल तर रक्ताची तपासणी करूनच तिकीट काढावे.

पहिले दोन दिवस

शक्य असेल तर श्रीनगरमार्गे रस्त्याने जावे आणि वाटेत कारगिलला, म्हणजे पावणेनऊ हजार फुटांवर, मुक्काम करावा. शरीराला सवड मिळते. मनालीच्या वाटेवर पहिल्याच टप्प्यात सरचूला, सुमारे चौदा हजार फुटांवर, रात्र काढणे मात्र टाळावे.

विमानाने गेल्यास लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती. दिवसभर अंथरुणात पडून राहायला नको, पण जिने चढणे, सामान उचलणे, गरम पाण्याने लांबलचक आंघोळ नको. जेवण हलके, पाणी तहानेप्रमाणे व थोडे अधिक. मद्य, सिगारेट आणि झोपेच्या गोळ्या वर्ज्य. सहल कंपनीच्या कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी खारदुंग ला लिहिले असेल, तर पैसे भरण्याआधीच तो बदलून मागावा.

गोळ्या, कापूर आणि यंत्रे

असेटाझोलामाइड ही गोळी बाजारात डायमॉक्स नावाने मिळते. प्रौढांना १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, प्रवासाच्या आदल्या दिवसापासून, असे साधारण प्रमाण आहे. ती शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण विश्रांतीची जागा घेत नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, त्याला घाबरू नये. सल्फाची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये.

भीमसेनी कापराची पुरचुंडी हल्ली प्रत्येकाच्या गळ्यात दिसते. हुंगून बरे वाटत असेल तर वाटू द्यावे, पण कापराने हवेतला प्राणवायू वाढत नाही. लहान डब्यातला प्राणवायू काही मिनिटांत संपतो. कोविडच्या साथीत घेतलेला ऑक्सिमीटर नेणार असाल तर लक्षात ठेवा, लेहला ८८-९० असा आकडा निरोगी माणसातही दिसतो. आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे.

लपवू नका

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींचे लेहला डोके दुखत होते, जेवण जात नव्हते. "आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा नको" म्हणून ते गप्प राहिले आणि गटाबरोबर पँगाँग सरोवरावर, चौदा हजार फुटांवर, मुक्कामाला गेले. रात्री त्यांना पडल्या पडल्या धाप लागू लागली. सुदैवाने गाडीत प्राणवायूचा सिलिंडर होता. चालकाने रातोरात त्यांना लेहच्या रुग्णालयात पोहोचवले आणि ते वाचले.

यातली मेख अशी. या आजारावर खरा उपाय म्हणजे खाली उतरणे. पण पँगाँगहून लेहला परतायचे तर आधी चांग ला ही सुमारे साडेसतरा हजार फुटांची खिंड चढावी लागते. नुब्राहून येताना खारदुंग ला. तिथे खाली येण्यासाठी आधी वर जावे लागते. म्हणून जो निर्णय घ्यायचा तो लेहमध्येच. डोकेदुखी आणि मळमळ पूर्ण थांबल्याशिवाय लेहच्या पुढे एक पाऊलही टाकू नये.

बसल्या जागी दम लागणे, सतत खोकला, गुलाबी फेसाळ थुंकी ही फुफ्फुसात पाणी झाल्याची खूण. तोल जाणे, असंबद्ध बोलणे, गुंगी ही मेंदूला सूज आल्याची. संशय आला तर जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावून चालायला सांगावे. जमले नाही तर सकाळची वाट पाहू नये. प्राणवायू, डॉक्टर आणि खाली उतरण्याची सोय ताबडतोब करावी. अशा माणसाला एकटे सोडू नये, झोपला आहे म्हणून तर मुळीच नाही.

गटात निघालेल्यांनी घरूनच एक ठरवून घ्यावे. रोज सकाळी चहाच्या वेळी प्रत्येकाला विचारायचे, "डोके दुखते का? झोप लागली का? भूक आहे का?" आणि उत्तर देणाऱ्याने खरे सांगायचे. कोणी 'दुखते' म्हणाला तर त्याच्याबरोबर एकाने लेहमध्ये थांबायचे आणि इतरांनी त्याबद्दल तोंड वाकडे करायचे नाही. पँगाँग पुढच्या वर्षीही तिथेच असेल.