माती-पाण्याची पदवी : परवडणारी आणि पोताला पक्की

आम्ही कापडाचे व्यापारी. जंगल, पाणी आणि मातीच्या शिक्षणावर आम्ही व्यापाराच्या पानात का लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. अणदूर, नळदुर्ग, उमरगा, तुळजापूर या पट्ट्यात दुकानाचा गल्ला पावसावर चालतो, हेच त्याचे कारण. ज्या साली सोयाबीन आणि तूर हातची जाते त्या साली ईद आणि दिवाळी दोन्ही बाजाराला कोरड्या जातात, लग्नाचा बस्ता निम्म्यावर येतो आणि उधारीची वसुली पुढच्या सुगीवर ढकलली जाते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ते पाणी पाहून आमच्या भागातील कित्येक पालकांच्या मनात प्रथमच आले की पाणी हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे, आणि त्यात रोजगारही असू शकतो.

तसे पाहिले तर आमच्या भागाला हे इल्म नवे नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल हा दुसऱ्या इब्राहीम आदिलशाहाच्या काळातला, सन १६१३ चा. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे पाहायला सोलापूर-हैदराबादकडून गर्दी लोटते, फोटो काढते आणि निघून जाते. इतके पाणी अंगावर घेऊन चारशे वर्षे हे बांधकाम कसे उभे राहिले, हा प्रश्न मात्र फार थोड्यांना पडतो. ज्या मुलाला किंवा मुलीला तो पडतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

हल्ली बारावी विज्ञानचा निकाल लागला की गावोगाव एजंट फिरतात. आमच्या ओळखीतील एका शिंपीकाम करणाऱ्या गृहस्थांच्या मुलीला पर्यावरणाची आवड. एजंटाने तिच्यासमोर परराज्यातील एका खासगी विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक ठेवले. त्यावर हिरवेगार डोंगर, वाघाचे चित्र आणि ‘निसर्ग संवर्धन’ असे मोठे नाव. फी विचारली तर पहिल्या वर्षाचीच सांगितली. परीक्षा, वसतिगृह, शैक्षणिक सहल यांचे पैसे खालच्या बारीक अक्षरात. वडील मशीन गहाण टाकायला निघाले होते. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो की भाईजान, तागा घेताना आपण वरची घडी पाहून पैसे देत नाही, आतले दोन-चार हात उलगडून पन्ना मोजतो, पोत चोळून पाहतो. मग पोरीच्या चार वर्षांचा सौदा वरच्या घडीवर कसा करता?

मग आम्ही घडी उलगडून पाहिली. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे आहेत : राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. नैसर्गिक साधनसंपत्तीचे सर्वांत पक्के आणि स्वस्त पदवीशिक्षण याच चार ठिकाणी आहे, असे आमचे मत आहे. बी.एस्सी. वनशास्त्र ही चार वर्षांची पदवी दापोली आणि अकोला येथील वनशास्त्र महाविद्यालयांत मिळते. परभणीला कृषी अभियांत्रिकीची बी.टेक. आहे आणि तिच्यात मृद व जलसंधारण हा स्वतंत्र विषय आहे. बांध कोठे घालावा, शेततळे किती खोल असावे, पाणलोटाचा नकाशा कसा काढावा हे तेथे शिकवतात. आमच्या कोरडवाहू मुलुखाला याहून कामाचा विषय आम्हाला दुसरा दिसत नाही. साधी बी.एस्सी. कृषी करायची तर लातूर आणि धाराशिव येथेच परभणी विद्यापीठाची महाविद्यालये आहेत.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. विद्यापीठाची स्वतःची महाविद्यालये असतात, त्यांना घटक महाविद्यालये म्हणतात. दुसरी संलग्न, म्हणजे बहुतेक खासगी विनाअनुदानित. पदवीवर विद्यापीठाचे नाव तेच, पण फीमध्ये मोठी तफावत, आणि शेतजमीन, प्रयोगशाळा व शिक्षकवर्ग यांतही फरक असतो. प्रवेश राज्याच्या सीईटीतून होतो. सीईटीचे गुण जितके चांगले तितकी घटक महाविद्यालयातील जागा जवळ. म्हणून आमच्या हिशेबाने मुलाच्या सीईटीच्या तयारीवर एक वर्ष खर्च केलेला पैसा पुढे चार वर्षे फीमध्ये वाचतो. पालक उलटे करतात. तयारीच्या वेळी हात आखडतात आणि प्रवेशाच्या वेळी कर्ज काढतात.

आता दुसरा मार्ग, जो आम्हाला जास्त आवडतो आणि ज्याची कोणी जाहिरात करीत नाही. नळदुर्गला कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. उमरग्याला श्री छत्रपती शिवाजी महाविद्यालय आहे. आपल्या जवळच्या अनुदानित महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र यांपैकी जे विषय असतील ते घेऊन तीन वर्षांची साधी बी.एस्सी. करावी. मूल घरी जेवते, एस.टी.चा पास काढते, मुलींच्या बाबतीत आई-वडिलांची काळजीही कमी होते. त्यानंतर एम.एस्सी.साठी बाहेर पडावे. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता या विषयाची एम.एस्सी. आहे. अलीगढ मुस्लीम विद्यापीठात वन्यजीव विज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे. ते केंद्रीय विद्यापीठ असल्याने तेथील फी खासगी संस्थांच्या मानाने फारच कमी. भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था पुण्यात १९९३ पासून आहे आणि तिचे नावही चांगले आहे, पण ते खासगी अभिमत विद्यापीठ. तेथे जाण्यापूर्वी पूर्ण अभ्यासक्रमाची बेरीज मांडून पाहावी.

साध्या बी.एस्सी.चा आग्रह आम्ही का धरतो? कारण नोकरीच्या दारात नावापेक्षा विषय मोजतात. केंद्र लोकसेवा आयोगाच्या भारतीय वन सेवेच्या परीक्षेला पदवीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र, भूगर्भशास्त्र, गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा पशुसंवर्धन व पशुवैद्यक यांपैकी निदान एक विषय लागतो, अथवा कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. या यादीत ‘पर्यावरणशास्त्र’ हे नाव नाही. म्हणजे ज्याने मोठ्या फीची, मोठ्या नावाची पर्यावरणाची पदवी घेतली आणि वरीलपैकी एकही विषय घेतला नाही, तो त्या दारातूनच परत फिरेल. नळदुर्गला एस.टी.ने जाऊन प्राणिशास्त्र शिकलेला मुलगा मात्र आत बसेल. हे एजंट सांगत नाही, बहुधा त्याला ठाऊकही नसते. तसेच भूजल सर्वेक्षण यंत्रणेत काम करायचे असेल तर भूगर्भशास्त्र हवे. बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकाऱ्याच्या परीक्षेला कृषीप्रमाणे वनशास्त्राची चार वर्षांची पदवीही चालते, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांना नवी वाटेल.

पदवीचा कागद किती महत्त्वाचा, याचे उदाहरण डॉ. सलीम अली यांच्याहून मोठे कोणते? तरुणपणी ते ब्रह्मदेशात तवॉय येथे घरच्यांच्या टंगस्टनच्या खाणी आणि लाकडाच्या धंद्यात होते. मुंबईस परतल्यावर दावर कॉलेजात वाणिज्य कायदा आणि हिशेबनिशी शिकले आणि बरोबरीने सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र. परंतु विद्यापीठाची रीतसर पदवी हाती नसल्याने झूलॉजिकल सर्व्हेतील पक्षिशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात माहिती सांगणाऱ्या व्याख्यात्याची नोकरी त्यांनी धरली. पुढे १९५८ मध्ये अलीगढने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. पण प्रत्येक घरात सलीम अली जन्मत नाही. आमच्या पोराबाळांना रीतसर कागद लागणारच.

अणदूरकरांच्या तर दाराशीच एक नामांकित संस्था आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र तुळजापूरला १९८६-८७ पासून आहे. शाश्वत उपजीविका आणि नैसर्गिक साधनसंपत्तीचे व्यवस्थापन हा एम.ए.चा विषय तेथे शिकवला गेला आहे. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले तुळजापूरला येतात, आणि आपल्या तालुक्यातील मुलांना संस्थेचे फाटक कोणत्या रस्त्याला आहे हेही सांगता येत नाही. पदवीच्या अखेरच्या वर्षी असलेल्यांनी संस्थेचे त्या वर्षाचे माहितीपत्रक अवश्य पाहावे, कारण अभ्यासक्रम बदलत असतात. शिक्षण इंग्रजीतून आहे. फीच्या बाबतीतही सावध असावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मागास प्रवर्गातील शिष्यवृत्तीधारकांची फीमाफी काढल्याच्या प्रश्नावर या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी संप केला होता. तेव्हा सवलत आहे असे ऐकून निघू नये, ती लेखी पाहावी.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमची स्वतःची तालीम उर्दू शाळेत झाली. मराठी बाजारात शिकलो आणि इंग्रजी हुंड्या-पावत्यांवर. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना बी.एस्सी.चे पहिले सहा महिने जड जातात, हे खरे. पण वनस्पतीची आणि दगडांची शास्त्रीय नावे लॅटिन-इंग्रजी असतात, ती मराठी माध्यमाच्या मुलालाही तितकीच परकी. त्या भीतीने विज्ञान सोडून देणे हा तोट्याचा सौदा आहे. पहिल्या वर्षी शब्दांची वही ठेवावी आणि रोज वीस शब्द लिहून काढावेत.

आता सवलतींविषयी. आमच्या समाजातील मोमीन, बागवान अशा अनेक बिरादऱ्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत, तरी दाखले काढण्याचा आळस फार. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, अशा इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ केली. कृषी विभागाचे अभ्यासक्रमही त्यात येतात. अट एकच मोठी : प्रवेश सरकारी प्रवेश फेरीतून झाला पाहिजे, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. एजंटाच्या हातून गेलेली मुलगी येथेच हा हक्क गमावते. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अल्पसंख्याक विभागाची वेगळी शिष्यवृत्ती आहे आणि कर्जच काढायचे तर सावकाराआधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे जावे. संशोधनासाठी केंद्राची मौलाना आझाद फेलोशिप होती, ती मात्र २०२२-२३ पासून बंद झाली. तिच्या भरवशावर आता कोणी पीएच.डी.चा बेत करू नये.

विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. तीत नागपूरच्या राजा अरेबिक विद्यापीठाचे नाव आलेले आहे. नाव आपल्या ओळखीचे वाटले म्हणून भुलू नये. कृषी आणि वनशास्त्राची पदवी असेल तर भारतीय कृषी संशोधन परिषदेची मान्यता आहे का तेही पाहावे. नोकरी करता करता शिकणाऱ्यांसाठी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने पाणलोट व्यवस्थापनाची पदविका आणि पर्जन्यजल संकलनाचे प्रमाणपत्र काढले. ती पदवी नव्हे, पण कमी खर्चात हात बसवायला बरी.

शेवटी आमच्या धंद्यापुरते. परदेशी ग्राहक आता कापडाच्या रंगात कोणती रसायने आहेत ते विचारतो, आणि रंगाचे पाणी नदीत सोडले की प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते. इचलकरंजी आणि पंचगंगेचा वाद वर्षानुवर्षे चालला आहे. सांडपाणी शुद्ध करण्याचे यंत्र विकत मिळते, पण ते चालवणारा आणि त्याचे अहवाल लिहिणारा माणूस शिकलेला लागतो. रसायनशास्त्र आणि पर्यावरण दोन्ही येणारी मुले प्रोसेसिंग हाऊसला हवी आहेत.

ज्या मुलीची हकिकत वर सांगितली, तिने खासगी विद्यापीठाला नकार कळवला असून सीईटीची तयारी चालू आहे. तिच्या वडिलांना आम्ही जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला आताच तुळजापूर तहसीलला अर्ज करून काढून ठेवायला सांगितले आहे. जूनमध्ये सेतू केंद्रापुढे रांगा लागतात आणि जात वैधता प्रमाणपत्राला तर आणखी वेळ लागतो. महाडीबीटीचा अर्ज पहिल्या वर्षी भरला म्हणजे झाले असे नाही, दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते, आणि बँक खाते आधारला जोडलेले नसेल तर मंजूर झालेली रक्कमही खात्यात पडत नाही.