घर बघावं जेवणाच्या वेळी
मैत्रिणींनो, ‘माझ्या मागं माझ्या लेकराचं कोण?’ बौद्धिक दिव्यांग मुलाच्या आईला हा प्रश्न झोपू देत नाही. १८ वर्षांपुढच्यांच्या निवासासाठी राष्ट्रीय न्यासाची ‘समर्थ-सह-घरौंदा’ योजना आहे. संस्था सरकारी नसेल तर आधी नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते बंधनकारक आहे.

पण कागदावरून घर कळत नाही. गटातल्या दोघी-तिघी मिळून जेवणाच्या वेळी जा. ताटात काय आहे, अंगावरचे कपडे ज्याचे त्याचे आहेत का, न्हाणीला आतून कडी आहे का, औषधं लिहून ठेवतात का, ते बघा. राहणाऱ्यांनाच विचारा, ‘इथं बरं वाटतं का?’ ज्याला बोलता येत नाही, त्याचा चेहरा बघा. आणि पुन्हा जा. विचारणारं कुणी आहे, हे तिथं कळलं पाहिजे.