ज्वरनाशक वनौषधी : नांदगाव परिसराच्या संदर्भात

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील नांदगावसारख्या गावांत पावसाळा हा तापाचा काळ असतो. अशा वेळी ओलेकिराईत, गुळवेल आणि सातविणीची साल यांचा काढा देण्याची रीत कोकणात जुनी आहे. डिमॉक, वॉर्डन व हूपर यांच्या १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथात कोकणातील अनेक घरगुती औषधांची नोंद आढळते. प्रस्तुत लेखात वरील तीन वनस्पतींचाच विचार केला आहे.

ताप हा रोग नसून लक्षण होय. जंतुसंसर्ग झाला असता मेंदूतील अधश्चेतकात प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे द्रव्य वाढते आणि शरीराच्या तापमानाची नियत पातळी वर सरकते. पॅरासिटामॉल याच द्रव्याची निर्मिती रोखते. ओलेकिराईत म्हणजे अँड्रोग्राफिस पॅनिक्युलाटा. तिच्यातील अँड्रोग्राफोलाइड या कडू घटकाने प्रयोगशाळेतील उंदरांचा ताप उतरल्याचे दिसून आले आहे. हिमालयातील चिराईत ही निराळी वनस्पती. नामसाधर्म्यामुळे बाजारात दोहोंची गल्लत होते.

सातविणीचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून क्विनीन वेगळे करण्यात आले. पुढे सातविणीच्या सालीतही त्याला पर्याय शोधला गेला. तथापि, हिवतापाच्या परोपजीवींवर क्विनीनसारखा परिणाम तिच्याबाबत सिद्ध झालेला नाही. रुग्णाला बरे वाटणे आणि रोग जाणे यांतील अंतर येथे स्पष्ट होते.

गुळवेलीबाबत प्रश्न ओळखीचा आहे. २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; सेवन केलेली वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती का, हा त्यांचा प्रश्न होता. टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिच्यासारखीच दिसणारी वेल आहे. वाद कसाही मिटो, जाणकाराने न ओळखलेली वेल काढ्यात घालणे धोक्याचेच.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण आढळतात; दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली होती. काढ्याने घाम येऊन अंग निवते, आणि नेमकी तेथेच फसगत होते. लेप्टोवर प्रतिजैविके लवकर सुरू व्हावी लागतात. भातलावणीनंतर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर काढा घेतलेला असला तरी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणे आवश्यक ठरते.