माळरानाचे वय आणि मराठी वाङ्मयाची साक्ष

हवामानबदलाच्या प्रश्नाचा विचार सामान्यतः वातावरणशास्त्र, सागरविज्ञान आणि अर्थशास्त्र यांच्या कक्षेत होतो. भाषा आणि वाङ्मय यांच्या अभ्यासकांचा या प्रश्नाशी काही संबंध असू शकेल, अशी कल्पनाही सहसा केली जात नाही. तथापि २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाने हा समज तपासून पाहण्याची वेळ आणली आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ आशिष नेर्लेकर आणि पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील दिग्विजय पाटील हे त्याचे लेखक होत. पश्चिम महाराष्ट्रातील माळराने केव्हापासून अस्तित्वात आहेत, हा त्यांचा प्रश्न. आणि त्याच्या उत्तरासाठी त्यांनी साक्षीला बोलावले आहे ते जुन्या मराठी वाङ्मयाला. या साक्षीचे मोल किती आणि तिच्या मर्यादा कोणत्या, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. प्रश्नाचे स्वरूप

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे निघावे तो थोड्याच अंतरावर पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. माण, बारामती, इंदापूर, करमाळा या बाजूस पावसाचे मान पाचसहाशे मिलिमीटरांच्या आसपास येते. मुरमाड जमीन, कुसळी, मारवेल आणि शेडा यांसारखी गवते, मधूनमधून हिवर, खैर, बोर आणि बाभूळ यांची विखुरलेली झाडे, असे या भूमीचे रूप आहे. लांडगा, काळवीट, खोकड आणि माळढोक यांचे हे घर. माळढोकासाठीच १९७९ मध्ये सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य स्थापन झाले. विरळ वृक्ष आणि अखंड गवत अशा भूप्रदेशाला शास्त्रीय परिभाषेत ‘सव्हाना’ म्हणतात.

हे माळ मूळचे की मागाहून झालेले? वनविद्येच्या जुन्या परंपरेचे उत्तर ठरलेले होते. येथे पूर्वी दाट अरण्य होते. कुऱ्हाड, वणवा आणि गुरे यांनी त्याचा नाश केला. आज दिसतो तो त्याचा अवशेष. चॅम्पियन यांनी १९३६ मध्ये केलेल्या आणि सेठ यांच्या सहकार्याने १९६८ मध्ये सुधारलेल्या भारतीय वनांच्या वर्गीकरणात हीच दृष्टी आहे. तिच्यानुसार गवताळ रान म्हणजे वनाची अवनत अवस्था होय. या दृष्टीला प्रत्युत्तर देणारे संशोधन अलीकडचे आहे. जयश्री रत्नम आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये असा मुद्दा मांडला, की आपण ज्यांना ‘वन’ म्हणतो त्यांपैकी अनेक भूभाग वस्तुतः सव्हाना आहेत, आणि भेद ठरवायचा तो झाडांच्या संख्येवरून नव्हे, तर झाडांखाली सलग वाढणाऱ्या उन्हाळी गवतांवरून. ही गवते सावलीत जगत नाहीत. जेथे ती सर्वत्र आहेत आणि त्यांच्या सोबतीची झाडे आग व चराई सोसणारी आहेत, तेथे प्रकाश दीर्घकाळ जमिनीपर्यंत पोचत आला असला पाहिजे.

२. प्रश्नाचे महत्त्व

माळाचे वय हा केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. वातावरणातील कार्बन शोषून घेण्यासाठी झाडे लावावीत, हा उपाय आज जगभर स्वीकारला गेला आहे. ‘बॉन आव्हाना’त २०३० पर्यंत पस्तीस कोटी हेक्टर भूमीवर वने पुनःस्थापित करण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्रातही २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत पन्नास कोटी वृक्षलागवडीची मोहीम घेण्यात आली. झाडे लावायची तर जागा हवी. आणि जागा शोधताना दृष्टी प्रथम जाते ती ‘रिकाम्या’ माळाकडे.

२०१९ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात असा अंदाज दिला, की पृथ्वीवर आणखी नव्वद कोटी हेक्टर वृक्षाच्छादनास वाव असून त्यात २०५ अब्ज टन कार्बन साठू शकेल. त्याच वर्षी जोसेफ वेल्डमन यांच्यासह ४६ शास्त्रज्ञांनी त्याच नियतकालिकात आक्षेप नोंदवला. त्यांच्या मते हा अंदाज सुमारे पाचपट फुगलेला होता. मूळ गणनेत गवताळ प्रदेशांच्या मातीत आधीच असलेला कार्बन नीट धरला नव्हता, आणि प्राचीन सव्हाना लागवडीस मोकळ्या मानल्या होत्या, हे त्या आक्षेपाचे सार होते.

गवताळ रानाची संपत्ती बव्हंशी जमिनीखाली असते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. खोल मुळे, कंद, खोडांचे भूमिगत भाग आणि मातीतील सेंद्रिय द्रव्य यांत तेथील कार्बन राहतो. वणव्याने वरचे गवत जळाले तरी तो सुरक्षित असतो. लागवडीसाठी चर खोदले की या साठ्यालाच धक्का बसतो. शिवाय ही हानी लवकर भरून येत नाही. नेर्लेकर आणि वेल्डमन यांनी २०२० मध्ये जगातील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात असे दिसले, की नष्ट झालेल्या प्राचीन गवताळ प्रदेशाला मूळची वनस्पतिविविधता परत मिळवण्यास किमान एक शतक, आणि बहुधा त्याहून पुष्कळ अधिक काळ, लागतो.

म्हणजे माळ जर अवनत अरण्य असेल, तर तेथे झाडे लावणे हे पुनःस्थापन ठरेल. तो जर प्राचीन माळच असेल, तर तेच कृत्य एका जुन्या सृष्टिव्यवस्थेचा उच्छेद ठरेल. सगळा निर्णय काळावर अवलंबून आहे.

३. वाङ्मयाची साक्ष

काळाचा निर्णय करण्याची नेहमीची साधने म्हणजे तळ्यांच्या गाळातील परागकण, जीवाश्म आणि उत्खनने. पण दख्खनच्या कोरड्या पठारावर परागकण टिकवून ठेवणाऱ्या नैसर्गिक जलाशयांची वाण आहे. म्हणून नेर्लेकर आणि पाटील यांनी वेगळा मार्ग धरला. तेराव्या शतकापासून पुढील मराठी वाङ्मयातील संतचरित्रे, काव्ये आणि लोकगीते त्यांनी पाहिली, आणि ज्या उताऱ्यांत भूमीचे किंवा रानटी वनस्पतींचे वर्णन आहे व ज्यांचे स्थळ निश्चित करता येते, असे उतारे निवडले. त्यांत ४४ रानटी वनस्पतींचे उल्लेख आढळले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वनस्पती सव्हानाच्या लक्षणभूत आहेत. केवळ दाट वनात राहणाऱ्या जाती अगदी थोड्या. यावरून हा प्रदेश किमान साडेसातशे वर्षे आजच्यासारखाच उघडा आणि काटेरी झाडांचा होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला. इंग्रजांच्या वनतोडीच्या आणि लोहमार्गांच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे.

या कामी मराठी वाङ्मय विशेष अनुकूल का ठरावे, याचे कारण त्याच्या घडणीत सापडते. महानुभावांचे गद्य घ्या. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामी कोणत्या गावी, कोणत्या ठिकाणी आणि प्रसंगी कोणत्या झाडाखाली बसले, याची नोंद भक्तीच्या निकडीने झाली आहे. ‘स्थानपोथी’ तर अशा स्थळांच्या वर्णनासाठीच लिहिली गेली. स्थळाचे पावित्र्य हे तेथील तपशिलावर अवलंबून असल्याने तपशील बदलण्याची मुभा लेखकाला नव्हती. दुसऱ्या बाजूस धनगरांच्या ओव्या आहेत. हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर यांनी त्या गोळा करून दाखवले, की बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांची उपासना मेंढपाळांच्या माळावरील जीवनातून वाढली. ज्या समाजाचे देव माळाचे, चाकरी माळाची आणि वाटाही माळाच्या, त्या समाजाच्या स्मृतीत माळ हा कालपरवाचा असणे संभवत नाही.

४. साक्षीची पारख

तथापि काव्यातील उल्लेख हा दस्तऐवज नव्हे. त्याची पारख तीन बाबतींत करावी लागते, आणि येथेच भाषाशास्त्राचे साहाय्य अपरिहार्य होते.

पहिली बाब संकेताची. संस्कृत काव्यपरंपरेत अरण्यवर्णन हा ठरीव विषय आहे. कवी वृक्षांची लांबलचक यादी देतो, पण ती यादी त्याने पाहिलेल्या रानाची असतेच असे नाही. म्हणून पौराणिक काव्यातील विस्तृत वनवर्णनापेक्षा, कथेच्या ओघात सहज आलेला तरवडाच्या एका झुडपाचा उल्लेख अधिक विश्वसनीय होय. ज्याच्या उल्लेखाने कवीला काहीच साधायचे नाही, ते त्याने बहुधा पाहिलेलेच असते.

दुसरी बाब नावांची. वनस्पतींची देशी नावे स्थिर नसतात. ‘निवडुंग’ या एका नावाखाली एतद्देशीय निवडुंगही येतो आणि अमेरिकेतून आलेला फड्या निवडुंगही. आज माळोमाळ पसरलेली वेडी बाभूळ ही एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून आणलेली. म्हणून जुन्या ग्रंथातील ‘बाभूळ’ ही तिच्याहून निराळी, देशी बाभूळच असली पाहिजे. नावाचा अर्थ ग्रंथाच्या काळानुसार निश्चित न केल्यास सगळी गणना कोलमडते.

तिसरी बाब काळाची. रचनेचा काळ, उपलब्ध हस्तलिखिताचा काळ आणि मधल्या लेखकांनी केलेले फेरफार हे वेगवेगळे आहेत. मौखिक गीतांच्या बाबतीत तर काळ ठरवणे अधिकच कठीण. म्हणून एका उल्लेखावर भार न टाकता, वेगवेगळ्या शतकांतील आणि वेगवेगळ्या प्रकारांतील उल्लेख एकाच दिशेने जातात की नाही, हे पाहावे लागते.

याशिवाय एक मूलभूत आक्षेप उरतो. साडेसातशे वर्षे हा मानवी वसाहतीच्या मानाने अल्प काळ आहे. शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात इसवी सनाच्या पूर्वी दुसऱ्या सहस्रकातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. मग तेराव्या शतकात दिसणारा माळ हा त्या आधीच्या दोन-तीन हजार वर्षांतील वनतोडीचा परिणाम नसेल कशावरून? केवळ वाङ्मय या आक्षेपाचे उत्तर देऊ शकत नाही. उत्तर अन्य साधनांकडून घ्यावे लागते. जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे शहामृगाच्या अंड्यांची कोरीव कवचे आणि त्यांचे मणी सापडले असून ते सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शहामृग हा मोकळ्या प्रदेशाचा पक्षी. त्याहून मागे पाहिले, तर भारतीय उपखंडात उन्हाळी गवतांचा प्रसार ऐंशी ते साठ लाख वर्षांपूर्वी झाला, असे भूशास्त्रीय पुराव्यावरून दिसते. द्वीपकल्पाच्या सव्हानांतच आढळणाऱ्या, अन्यत्र कोठेही नसलेल्या वनस्पतींची संख्या दोनशेहून अधिक आहे. इतक्या जाती दोन-तीन सहस्रकांत निर्माण होत नाहीत. वाङ्मयाची साक्ष या साखळीतील शेवटचा, पण मानवी काळाशी थेट जोडणारा दुवा होय.

५. शब्दांचा दोष

या प्रकरणात भाषेचा आणखी एक संबंध आहे, आणि तो अधिक खोल आहे. फ्रान्सिस झिमरमान यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवले, की आयुर्वेदातील ‘जांगल’ देश म्हणजे दाट अरण्य नव्हे. विरळ व काटेरी झाडांची, मोकळ्या आकाशाची, हरिणांची कोरडी भूमी ती जांगल; तिच्या उलट पाणथळ व दाट झाडीची भूमी ती ‘आनूप’. पुढे ‘जंगल’ या शब्दाचा अर्थ पालटत जाऊन तो घनदाट वनाला लागला. जी भूमी त्या शब्दाची मूळ धनी होती, ती निनावी झाली.

मराठीत मात्र या भूमीला नावांची उणीव नव्हती. माळ, माळरान, बरड, कुरण, गायरान, या प्रत्येक शब्दात जमिनीचा गुण किंवा उपयोग सांगितलेला आहे. ‘माळ’ या शब्दात कसलाही अभाव सूचित होत नाही. ‘पडीक’ हा शब्द निराळा: जी जमीन कसली जात होती आणि आता पडून आहे, ती पडीक. इंग्रजी महसूलपद्धतीने सारा न देणाऱ्या सर्व जमिनींना एकच नाव दिले, आणि त्याचे भाषांतर करताना माळही ‘पडीक’ किंवा ‘ओसाड’ ठरला. नामांतराबरोबर एक सिद्धान्तही नकळत स्वीकारला गेला: ही भूमी पूर्वी काही तरी दुसरी होती आणि तिला त्या स्थितीत परत नेले पाहिजे. आज वृक्षलागवडीसाठी जमिनी निवडल्या जातात त्या याच शब्दांच्या आधारे.

या विवेचनाचा अर्थ असा नव्हे, की उघडी दिसणारी प्रत्येक जमीन प्राचीन माळ आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आणि कोकणात खरोखरीची वने तोडली गेली आहेत. तेथे वनांचे पुनःस्थापन इष्टच होय. निष्कर्ष एवढाच, की कोणती भूमी कोणत्या वर्गात पडते हे गृहीत धरता येत नाही. ते स्थळोस्थळी सिद्ध करावे लागते.

६. पुढील कार्य

या सिद्धतेत मराठी विभागांना करण्याजोगे काम पुष्कळ आहे. मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत वनस्पतींची आणि जमिनीच्या प्रकारांची नावे विपुल आहेत. ती वेचून प्रत्येक नावाचा सर्वांत जुना लिखित उल्लेख शोधता येईल. शिलालेख, ताम्रपट आणि मोडी कागदपत्रे यांतील सीमावर्णनांत हद्दीची खूण म्हणून झाडे येतात, आणि ती कायद्याच्या कामी नोंदलेली असल्याने काव्यापेक्षा अधिक भरवशाची असतात. हिवरे, बोरगाव, बाभूळगाव, खैरवाडी यांसारख्या ग्रामनामांचा नकाशा पर्जन्यमानाच्या नकाशाशी ताडून पाहता येईल. मात्र व्युत्पत्तीची शहानिशा प्रत्येक नावाबाबत स्वतंत्रपणे केली पाहिजे.

वनस्पतींच्या नावांचा असा कालानुक्रमी कोश सिद्ध झाला, तर एखाद्या माळावर खड्डे खोदण्यापूर्वी तो माळ किती जुना आहे, हे विचारण्याचे आणि काही अंशी सांगण्याचे साधन उपलब्ध होईल. खड्डे मात्र दर पावसाळ्यात खोदले जातात. म्हणून या कामाला विलंब परवडणारा नाही.