गुदाशयाचा कर्करोग : वेळीच निदान, नेमकी शल्यक्रिया

नाशिक शहरातून पश्चिमेस गंगापूर व पुढे गिरणाऱ्याकडे जाणारा गंगापूर रोड शिक्षणसंस्था आणि दवाखाने यांनी गजबजलेला आहे. आसपासच्या खेड्यांतून उपचारासाठी येथे येणारा एखादा रुग्ण शौचावाटे रक्त पडत असल्याचे सांगतो. बहुधा 'मूळव्याध' समजून त्याने ते दुखणे अनेक महिने अंगावर काढलेले असते. अनेकदा ती मूळव्याधच असते. परंतु गुदाशयाच्या कर्करोगाचे पहिले लक्षणही हेच असू शकते.

गुदाशय हा मोठ्या आतड्याचा सुमारे 12 ते 15 सेंटिमीटर लांबीचा शेवटचा भाग होय. गुदद्वारापासून सुमारे 5 सेंटिमीटरच्या आतील गाठ डॉक्टरांना हातमोजा घालून केलेल्या बोटाच्या तपासणीत सहसा लागते. ही तपासणी काही क्षणांची असते व तिला कोणतेही यंत्र लागत नाही. आड येतो तो केवळ संकोच. त्यानंतर दुर्बिणीने पाहणी करून गाठीचा तुकडा तपासला जातो आणि एमआरआयने रोगाचा विस्तार ठरविला जातो.

1908 मध्ये इंग्लंडमधील शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी पोट व गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय काढून टाकण्याची पद्धती मांडली. रोग लसिकावाहिन्यांतून पसरतो, म्हणून गाठीबरोबर लसिका ग्रंथीही काढल्या पाहिजेत, हे तिचे सूत्र होते. मात्र रुग्णास पोटावरील कृत्रिम मलद्वार कायमचे बाळगावे लागे. 1982 मध्ये बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे चरबीचे आवरण, त्यातील ग्रंथींसह, अखंड काढण्याचे महत्त्व दाखवून दिले. या पद्धतीमुळे त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण बरेच घटले. काढलेल्या भागात किमान 12 ग्रंथी तपासाव्यात, असा संकेत आहे.

गाठ अगदी खाली असल्यास रोग ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीलगतच्या ग्रंथींतही जाऊ शकतो. जपानमध्ये 701 रुग्णांवर झालेल्या अभ्यासात या ग्रंथी काढलेल्यांपैकी सुमारे 7 टक्के, तर न काढलेल्यांपैकी सुमारे 13 टक्के रुग्णांत रोग त्याच भागात उलटला. एकूण आयुर्मानात मात्र ठळक फरक दिसला नाही. लघवी व लैंगिक क्रियेचे मज्जातंतू जवळच असल्याने ही शल्यक्रिया नाजूक ठरते. म्हणून अनेक ठिकाणी आधी किरणोपचार व औषधोपचार करून, एमआरआयमध्ये ग्रंथी वाढलेल्या दिसल्या तरच त्या काढण्याकडे कल आहे.

रोग लवकर आढळल्यास गुदद्वार वाचविण्याची शक्यता वाढते. तरीही काहींना तात्पुरते वा कायमचे कृत्रिम मलद्वार ठेवावे लागते. योग्य पिशवी व थोडे शिक्षण मिळाल्यास असा रुग्ण शेतीकाम, नोकरी व प्रवास करू शकतो. त्याला कुटुंबापासून किंवा पंगतीपासून दूर ठेवण्याचे कारण नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील शल्यक्रियांचा समावेश असून योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र मार्गदर्शन करतात. शौचावाटे रक्त जाणे, शौचाच्या सवयीत टिकून राहिलेला बदल, शौचास जाऊनही पोट साफ न झाल्याची भावना किंवा अकारण वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, हे ग्रामसभेत आणि पालकसभेत सांगणे पंचायत सदस्यांना व शिक्षकांना सहज शक्य आहे. मूळव्याधीचे औषध सुरू करण्यापूर्वी ही तपासणी झालेली असावी, एवढा आग्रह त्यांनी धरला तरी अनेक रुग्णांचे मोलाचे महिने वाचतील.